फाटकावरून तपासलेलं घर

मी फार बोलणारा माणूस नाही. बायको म्हणते, तुमच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे उन्हाळ्यात नळाची वाट पाहणं. पंचवीसेक वर्षं लोकांच्या दारात उभा राहून मी विचारत आलोय: घरात माणसं किती, ताप कोणाला, कूलरचं पाणी कधी फेकलं? त्यामुळे विचारायची सवय आहे, सांगायची नाही. हे सांगायलाही मला इतकी वर्षं लागली.

नागपूरला लागून असलेल्या एका लहानशा नगर परिषदेच्या आरोग्य विभागात मी आरोग्य सेवक आहे. राहायला मनीषनगर. रोज सकाळी गाडीला किक मारायची, पिशवीत रजिस्टर, खडू, पेनं आणि पाण्याची बाटली. गावात म्हातारी माणसं मला डॉक्टर म्हणतात, तरुण मंडळी मलेरियावाले म्हणतात, आणि पोलिओच्या रविवारी लहान पोरं मला पाहून पळतात.

आमचं वर्ष कॅलेंडरप्रमाणे चालत नाही, रोगांप्रमाणे चालतं. एप्रिल-मे म्हणजे उष्माघाताची खोली. दोन खाटा, दोन कूलर, बर्फाच्या लाद्या आणि मीठ-साखरेची पाकिटं. पाऊस लागला की तेच कूलर आमचे वैरी होतात, कारण इकडे कूलर काढून ठेवायचा लोकांना भारी कंटाळा. टाकीत वीतभर पाणी तसंच राहतं आणि त्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. मग आम्ही घरोघरी टॉर्च घेऊन कूलरमध्ये डोकं घालत फिरतो. "ओ मलेरियावाले, कूलर पाहता तं पंखाही दुरुस्त करून द्या ना" हे मी दरवर्षी किमान वीस घरी ऐकतो आणि दरवर्षी हसतो. पुढे जंताच्या गोळ्या, पोलिओ, आणि दसऱ्याच्या आगेमागे कुष्ठरोगाची फेरी.

प्रत्येक फेरीत आम्ही घरावर खडूने खूण करतो. कुष्ठरोगाच्या फेरीत ज्या घरातली सगळी माणसं तपासून झाली तिथे 'एल'. एक जरी माणूस राहिलं तर 'एक्स'. एक्स म्हणजे परत या. नियम साधा आहे. पुरुषांना पुरुषाने तपासायचं, बायकांना बाईने. उजेडात, कपडे बाजूला सारून, पाठ, दंड, मांड्या सगळं पाहायचं. फिका किंवा लालसर चट्टा दिसला तर माणसाला डोळे मिटायला लावायचे आणि पेनाचं टोक हलकं लावायचं. लागलं तर गजकर्ण, शिबं, काहीही असू शकेल. पण लागलंच नाही, तर तो हा रोग. वेळेत सापडला तर सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या, आणि माणूस मोकळा. उशीर झाला तर नसा जातात. बोटं वाकतात.

हे सगळं मला तेव्हाही पाठ होतं.

त्या वर्षी फेरीचा शेवटचा दिवस होता. तांदूळ गिरणीमागची गल्ली माझ्याकडे होती, आणि बायकांना तपासायला माझ्यासोबत आमची आशाताई असायची. ती त्याच गल्लीतली. पण तो दसऱ्याचा आठवडा. दीक्षाभूमीवर येणाऱ्या लोकांसाठी औषधाचं टेबल लागतं, तिथे तिची ड्युटी लागली होती. तिच्या आजोबांनी तिथेच दीक्षा घेतलेली, त्यामुळे ही ड्युटी ती मागून घेते. जाताना मला म्हणाली होती, "सर, बायकांच्या घरांवर एक्स मारून ठेवा. दोन दिवसांनी मी येतोच."

ती 'येतो'च म्हणते, इकडे बऱ्याच बायका म्हणतात.

पण चार वाजता अहवाल भरायचा होता. आमच्या विभागाची टक्केवारी शंभराला ह्या एका गल्लीने अडली होती, आणि वरून सकाळपासून दोनदा फोन आला होता. मी त्या गल्लीतली घरं फाटकावरून विचारून भरायला लागलो. चट्टा आहे का? नाही. एल. चट्टा आहे का? नाही. एल.

शेवटचं घर लंब्या रोट्या करणाऱ्या बाईचं. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे चुलीवर मडकं पालथं घालतात आणि त्याच्या तापलेल्या पोटावर रोटी भाजतात. कणीक अगदी सैल, ओघळेल अशी भिजवलेली. ती दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत खेळवत ताणायची आणि एका झोक्यात मडक्यावर पसरायची. रविवारी मटणासोबत ह्या रोट्या हव्याच. ही बाई चाळिशीची, नवरा नाही, सोबत सासू, एक मुलगी शाळेत, आणि घर ह्या रोट्यांवर. ती अंगणात चुलीपुढे होती.

"कोण हाये?"

"आरोग्य विभाग. घरात कोणाले अंगावर चट्टा-बिट्टा?"

"आंदर या ना भाऊ, हात कणकीत हायेत माहे."

"राहू द्या, राहू द्या. नाही ना कोणाले?"

"मले खांद्यामागं काईतरी हाये म्हणते सासू. मले का दिसते तिथलं? बाई नाई आणली का संग?"

मी म्हणालो, "ताई आली की दाखवा तिले."

आणि फाटकाच्या खांबावर एल काढला. रजिस्टरमध्ये लिहिलं: स्त्रिया तीन, तपासल्या, निरंक. तपासणाऱ्याच्या रकान्यात आशाताईचं नाव टाकलं.

आशाताई दोन दिवसांनी आली, खांबावर एल पाहिला आणि पुढे गेली. दुसरं काय करणार? आमच्यात एकमेकांच्या खडूवर विश्वास ठेवायची पद्धत आहे. त्याशिवाय हे कामच होत नाही. त्या वर्षी आम्हाला शंभर टक्क्यांबद्दल प्रमाणपत्र मिळालं, चहा-समोसे झाले. मी दोन समोसे खाल्ले.

मी ते विसरलो, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी विसरलो नव्हतो. पण दर आठवड्याला दुसरं काही येत होतं आणि ते घर मागे पडत होतं.

मधली दोन वर्षं कुष्ठरोगाची फेरी निघालीच नाही. सुमारे दोन वर्षांनी, हिवाळ्यात, ती बाई आमच्या दवाखान्यात आली. डाव्या तळहाताला, करंगळीच्या खाली, भाजल्याची जखम. महिना झाला, भरत नव्हती. मी त्याच खोलीत मलेरियाच्या काचपट्ट्या मोजत होतो. आमच्या डॉक्टर तरुण, पुण्याकडच्या, नुकत्याच रुजू झालेल्या. त्यांनी जखम पुसली तेव्हा बाईने हात मागे घेतला नाही. साधं तोंडही वाकडं केलं नाही. डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि पेन काढलं.

करंगळी आणि शेजारचं बोट आत वळायला लागली होती. कोपरापाशी नस दोरीसारखी जाड लागत होती. खांद्यामागे बशीएवढा चट्टा होता.

"किती दिवसांपासून आहे हा चट्टा?"

"लय दिवस झाले. ते खडूवाले आले होते, तवाही होता."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "सर, मागच्या फेरीचं रजिस्टर देता?"

मी दिलं. पान मीच काढून दिलं. डॉक्टरांनी वाचलं आणि अगदी मायेने म्हणाल्या, "ताई, इथे तुमची तपासणी झाल्याची नोंद आहे. तेव्हा काही नव्हतं. म्हणजे नंतर उठलाय."

"कोणी नाई तपासलं मले. फाटकावरूनच गेला तो माणूस. मी सांगतलं होतं त्याले."

"असू दे. इतक्या दिवसांचं माणूस विसरतं."

"मी काय खोटं बोलून राहिली काय?"

"तसं नाही हो ताई."

मी दीड हातावर उभा होतो. रजिस्टर परत घेतलं, मिटलं आणि छातीशी धरून उभा राहिलो. एक वाक्य होतं. मी ते बोललो नाही. फाटकावरून खूण केली हे पाप होतं, पण तसं पाप आमच्या धंद्यात बरेच जण करतात आणि करून झोपतातही. ह्या खोलीतलं मात्र माझं एकट्याचं. आधी मी तिला तपासलं नाही, आणि आता माझ्या अक्षराने तिला खोटं पाडलं.

डॉक्टर म्हणाल्या, रोगाच्या गोळ्या वर्षभर घ्याव्या लागतील. पहिल्या डोसनंतर कोणाला लागण होण्याची भीती नाही. नसेसाठी वेगळ्या गोळ्या. बोटं वाकायला लागून फार दिवस झाले नसतील तर हात परत येऊ शकतो. तेल लावायचं, बोटं मांडीवर सरळ दाबायची, दिवसातून चार वेळा. चुलीपासून लांब राहायचं.

"अन् रोट्या?"

"हात बरा होईपर्यंत नाही."

ती डाव्या हाताकडे पाहत राहिली. हात आला तर रोटी, नाही तर काही नाही, एवढा सरळ हिशेब तिच्यासमोर होता, आणि माझ्यासमोरही.

पुढचे दीड-दोन महिने तिच्या गोळ्या पोचवायचं काम मी मागून घेतलं. डॉक्टरांना वाटलं, काय हा कर्तव्यदक्ष माणूस. दर वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं. दर वेळी "गोळ्या जेवणानंतर घ्या" एवढंच सांगून परत यायचो. स्वतःला समजावत होतो की आता सांगितलं तर तिचा धीर खचेल, रोग जुना आहे हे कळलं तर हात येणार नाही असं तिला वाटेल. छान कारण होतं. तिच्या काळजीचं सोंग घेतलेलं माझं भ्यालेपण होतं ते.

शेवटी एका दुपारी सांगितलं. त्यात माझं शौर्य काही नाही. ती अंगणात बसून तेल लावलेली बोटं मांडीवर दाबत होती आणि मोजत होती. करंगळी सरळ होत नव्हती आणि ती तिला पोरीला दटावावं तशी दटावत होती. "हो ना वं सरळ. काहून सतावून राहिली?" ते मला ऐकवलं नाही.

मी म्हणालो, "बाई, तो फाटकावरचा माणूस मीच होतो."

तिचं दाबणं थांबलं नाही. "माहीत हाये."

"काय?"

"तवाच ओळखलं. दवाखान्यात. तुमच्या हातात ते रजिस्टर होतं, अन् मी तुमच्याकडं पाहून राहिली होती. म्हटलं, आता बोलते का मंग बोलते हा माणूस. तुमी आपले रजिस्टरात पाहून राहिले."

"मग तुम्ही काहून नाही म्हणालात, की हाच तो?"

"माह्यावर कोण भरोसा करते? म्हटलंच ना डॉक्टरीणबाईनं, माणूस विसरते." मग ती बोटांवरून नजर न काढता म्हणाली, "दर हप्त्यात येता, दाराशी उभे राहता, गिळगिळ करता, अन् जेवणानंतर गोळ्या घ्या म्हून निघून जाता. सासू म्हणत होती, ह्या माणसाच्या घशात काई अडकलं हाये वाटते."

मी म्हणालो, माझं चुकलं. अजूनही काहीबाही म्हणालो. तिने ऐकून घेतलं.

"मले सांगून का फायदा? मले तं माहीतच होतं. जिथं मले खोटं पाडलं, तिथं सांगा. उद्या दवाखाना उघडला की मी येतो. तुमी राहा."

रात्री बायकोला सांगितलं. तिने माझं ताट वाढलं. मग म्हणाली, "जेवून घ्या. उद्या उपाशीपोटी बोलता येणार नाही तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी ती आली. धुतलेलं लुगडं, हातावर रुमाल. मी डॉक्टरांसमोर रजिस्टर उघडून ठेवलं आणि म्हणालो की ही नोंद खोटी आहे. मी घरात गेलो नव्हतो. आशाताई त्या दिवशी नव्हती, तिचं नाव मी लिहिलं. एवढं बोलून मी थांबलो. पुरे झालं असं वाटलं. बाईने माझ्याकडे पाहिलं. ती तशीच पाहत राहिली.

मग मी उरलेलं बोललो. "यांनी मला चट्टा आहे म्हणून सांगितलं होतं. तरीही मी निरंक लिहिलं."

डॉक्टर खुर्चीवरून उठल्या आणि तिच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "ताई, मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. माफ करा."

बाई एकदम ओशाळली. "अवं बाप्पा, तुमी कायले." आणि रडायला लागली. तिला मी पहिल्यांदा रडताना पाहत होतो. रोग सांगितला तेव्हाही ती रडली नव्हती.

उपचाराबद्दल डॉक्टर म्हणाल्या की बोटं वाकल्याला अजून सहा महिने झालेले नाहीत, म्हणजे नसेच्या गोळ्या बरोबर वेळेतच सुरू झाल्या आहेत, काही बदलत नाही. ज्या भीतीमागे मी दीड-दोन महिने लपलो ती एका वाक्यात संपली.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "अशी आणखी किती घरं आहेत?"

"गल्लीतली जवळजवळ सगळी."

"आज किती वाजता निघताय?"

मला नोटीस मिळाली, ती मिळायलाच हवी होती. आशाताईने मला गिरणीच्या वळणावरच धरलं. "माह्या नावानं तपासलं ना तुम्ही? उद्या माह्या नावानं जेवूनही याल!" दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, फक्त घरात शिरताना माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "हे सर फाटकावर थांबतील, त्यांले सवय हाये." ऑफिसातले सहकारी त्याहून वाईट. एकाचं खोटं निघालं की बाकीच्यांचीही रजिस्टरं उघडतात, आणि उघडली. "लय खरं बोलाची हौस आली बाप्पा आजकाल," एकजण डबा खाताना म्हणाला. "वहिनीलेही सांगता का सगळं?" मी म्हणालो, सांगितलं. त्यावर कोणी हसलं नाही.

पण ती गल्ली आम्ही पुन्हा तपासली, दार उघडून, उजेडात बसून, घाई न करता. दोघे सापडले. एक गिरणीतला हमाल, आणि दुसऱ्या एका घरातली आठवीतली मुलगी. मुलीच्या मांडीवर रुपयाएवढा एकच चट्टा. नस शाबूत, बोटं शाबूत. सहा महिन्यांच्या गोळ्यांत ती मोकळी झाली. आता अकरावीत आहे, धरमपेठेत क्लासला जाते. मला पाहून ओळख दाखवत नाही, आणि ते मला फार आवडतं. त्या वयात हे विसरून जाता यावं, ह्याहून चांगलं काय?

रोट्यावालीचा हात हळूहळू आला. शेजारचं बोट पूर्ण सरळ झालं, करंगळी अर्धी. पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी चुलीपुढे बसायची परवानगी दिली. पहिल्या आठवड्यात गिऱ्हाईक आलं नाही, कारण गल्लीत सगळं सगळ्यांना माहीत असतं. मग आशाताई भर दुपारी डबा घेऊन तिच्या अंगणात बसली, दोन रोट्या तिथेच, सगळ्यांना दिसतील अशा खाल्ल्या आणि ओरडून तिसरी मागितली. "पगार नाई मिळत मले याचा, भूक लागली म्हून खाऊन राहिली!" पुढच्या रविवारी चार डबे आले, त्याच्या पुढच्या रविवारी नऊ. रोटी पहिल्यापेक्षा थोडी आखूड होते. कोणी कुरकुरलं तर ती म्हणते, "मटण लांब करा मंग."

उपचार संपल्यावरही हाताची तपासणी करायची असते. ती करायला अजूनही मी जातो, आता नेमून दिलेलं काम म्हणून. मागच्या वेळी गेलो तेव्हा कणीक झाकून ठेवलेली होती, चूल अजून पेटली नव्हती. ती पाटावर बसली, डोळे मिटले आणि डावा तळहात पुढे केला. मी पेनाचं टोक दहा ठिकाणी लावतो. लागलं की तिने दुसऱ्या हाताचं बोट तिथे ठेवायचं. अंगठ्याखाली लागलं. मधल्या बोटाला लागलं. शेजारच्या बोटाला, जिथे मागच्या वर्षी काही नव्हतं, तिथे मी टोक लावलं आणि तिचं बोट नेमकं तिथे आलं. करंगळीकडे आलो. लावलं. ती थांबली. तिच्या खालच्या दुसऱ्या जागी लावलं.

"लावलं का तुमी?" तिने डोळे मिटूनच विचारलं.

"लावलं."

"दोनदा?"

"दोनदा."

तिने डोळे उघडले. मी कागदावर आठ आकडा लिहिला. आठ चांगला आकडा आहे, मी म्हणालो, पहिल्या वेळी चारच होते.

"दाखवा, का लिवलं?"

मी कागद पुढे केला. तिने चष्मा लावला आणि वाचला, हळूहळू, प्रत्येक रकाना.

"आठ लागले हे लिवलं. दोन नाई लागले, ते कुठं लिवलं?"

"ते आठात कळतं."

"कळते का नाई ते मले नका सांगू. लिवा."

मी तळहाताच्या चित्रावर दोन्ही जागी फुली मारली आणि बाजूला तारीख टाकली. तिने पुन्हा पाहिलं, मान हलवली, आणि चूल पेटवायला उठली.